हवा बदलती. तयारीने जावे.

माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा एकोणीस वर्षं रोज सकाळी सात वाजता एका काळ्या फळ्यावर एकच वाक्य लिहीत आला. 'हवा बदलती. तयारीने जावे.' आदल्या दिवशीचं वाक्य ओल्या फडक्याने पुसायचं, फळा वाळू द्यायचा, आणि पुन्हा तेच वाक्य तितक्याच सुबक अक्षरात लिहायचं. मी एकदा विचारलं, "भाऊजी, तेच लिहायचं तर पुसता कशाला?" तर म्हणाले, "तारीख बदलते ना." असा हा माणूस. सगळं गाव त्यांना पाठीमागे 'बदलती' म्हणायचं, पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागलं. त्यांना त्याचा राग येतो की नाही, हेसुद्धा कुणाला कधी कळलं नाही.

आमच्या गावातून एक लांबची पायवाट निघते. नऊ दिवसांची. मुक्कामाला आठ निवारे आहेत, आणि पाचव्या निवाऱ्यानंतर एक उंच खिंड लागते. तिथली हवा म्हणजे लहरी कारभार. सकाळी टोपी घालावी इतकं ऊन, अकराला ढग, दुपारी गारा, आणि संध्याकाळी पुन्हा स्वच्छ आकाश, जणू काही झालंच नाही. वाट जिथे सुरू होते तिथे तिचं कार्यालय आहे, कार्यालयाच्या दाराशी तो फळा, आणि रस्त्याच्या अलीकडे, फळ्याच्या बरोब्बर समोर, माझं दुकान. मी सॅक, रेनकोट आणि तंबू दुरुस्त करते. तेव्हा हा तमाशा मी रोज पहिल्या रांगेत बसून पाहिलेला आहे.

भाऊजींचं काम खरं तर फळा लिहिणं नव्हे. बाहेर जाळीच्या पेटीत तापमापक आहे, भिंतीवर हवेच्या दाबाचं यंत्र आहे, आणि आठही निवाऱ्यांच्या राखणदारांचे रोज दोनदा फोन येतात, वारा कुठून, ढग कसले, माणसं किती. हे सगळं घेऊन त्यांनी अंदाज बांधायचा आणि तो चालणाऱ्यांना सांगायचा, यासाठी त्यांना नेमलं होतं. पहिल्या वर्षी त्यांनी तसा तो सांगितलाही. एका सकाळी लिहिलं, 'दिवसभर ऊन.' त्या दिवशी कुठल्याशा बँकेतले बावीस लोक गेले आणि दुसऱ्या निवाऱ्याच्या चढावर गारांनी झोडपून निघाले. परत येऊन त्यांनी कार्यालयात जो दंगा घातला! एका बाईंचा गुडघा सुजला होता, तो त्यांनी टेबलावर ठेवून दाखवला. साहेबांनी भाऊजींकडे लेखी खुलासा मागितला. बहीण सांगते, त्या खुलाशाचे त्यांनी अकरा कच्चे कागद केले. आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर ते वाक्य आलं. साहेब वाचून म्हणाले, "वा. यात कुणी पकडू शकत नाही." झालं. माणसाला जन्माचं वाक्य सापडलं.

वाक्य फळ्यापुरतं राहतं तर मी एवढी चिडले नसते. ते घरात आलं. बहीण विचारणार, "भाजीत मीठ पडलंय ना?" "तसं बघितलं तर पडलंय." "जास्त झालंय का?" "तसंही म्हणता येणार नाही." "अहो, पण आवडली का?" "चालेल." त्यांच्या पुढच्या खोलीला रंग द्यायचा होता तेव्हा भिंतीवर तीन रंगांचे तीन पट्टे मारून घेतले, बघून ठरवू म्हणून. ते पट्टे चार वर्षं तिथेच होते. पाहुण्यांना वाटायचं ही काहीतरी कलाकुसर आहे. लग्नाला होकार द्यायला या गृहस्थांनी सात महिने घेतले होते, आणि शेवटी म्हणाले काय, तर "माझी हरकत नाही." माझी बहीण तेवढ्यावर खूश झाली. आमच्या घरात रूप तिच्या वाट्याला आलं, अक्कल माझ्या.

चालणाऱ्यांची कथा तर आणखी थोर. शहरातून येतात, अंगावर कोरी करकरीत जाकिटं, किमतीची चिठ्ठी कॉलरमागे लोंबत असते ती मीच कापून देते. फळ्यासमोर उभे राहून वाचतात, "हवा बदलती," आणि एकमेकांना टाळी देऊन हसतात. मग पट्टा तुटला, चेन अडकली म्हणून माझ्याकडे. सॅक शिवायची तर आधी रिकामी करावी लागते, त्यामुळे या लोकांच्या पोटातलं मला कळतं. रेनकोट सगळ्यात तळाशी. म्हणजे पाऊस आला की भर वाटेत सगळं सामान बाहेर काढायचं, ते भिजवायचं, आणि मग कोरडा रेनकोट ओल्या अंगावर चढवायचा. एकाकडे मोज्यांचे अकरा जोड होते आणि अकराही सुती. एक जण जीनची पँट घालून निघाला होता, ती भिजली की पायाला दोन विटा बांधल्यासारखी होते आणि दोन दिवस वाळत नाही. एका जोडप्याने सॅकवर पावसाचं आवरण घेतलं होतं, पण झोपायचे कपडे बाहेर दोरीने बांधलेले, दिसायला छान दिसतात म्हणून. मी हे सगळं बाहेर काढते, शिवते, होतं तसं आत भरते आणि चेन वर-खाली करून परत देते. संध्याकाळी बहिणीकडे जाऊन एकेकाची नक्कल करून दाखवते. ती हसून हसून लोटपोट होते. या लोकांनी मला शिवायला दिलेलं असतं, शिकवायला नाही.

आता मूळ गोष्ट. भाऊजींची एकुलती एक मुलगी, माझी भाची, तिला आम्ही छकुली म्हणतो. वय चोवीस, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते, तरी छकुली. फळ्यासमोर वाढलेली ही पोर त्या वाटेवर दुसऱ्या निवाऱ्यापलीकडे कधी गेली नव्हती. गेल्या वर्षी, मोसम संपायला आलेला असताना, ती म्हणाली, "मी पूर्ण वाट चालणार. कामावरच्या दोघी येतायत. अकरा दिवसांची रजा टाकलीय." मोसमाचं शेपूट म्हणजे सगळ्यात बेभरवशाचे दिवस. बहीण रडकुंडीला आली. भाऊजी म्हणाले, "बघ बाई, दोन्ही बाजू आहेत."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी छकुलीला दुकानात बोलावलं आणि तिची सॅक माझ्या मोठ्या टेबलावर उपडी केली.

"मावशी, अगं नीट भरली होती मी!"

"नीट? हा बनियन सुती आहे. काढ. घामाने ओला झाला की दिवसभर तुझ्या पाठीला गारठा चिकटून बसेल."

"मग काय घालू?"

"आत हे पातळ, घाम न धरणारं. त्यावर लोकर. त्यावर रेनकोट. तीनच थर, पण काढता-घालता यायला हवेत. आणि ऐक, चढावर गरम व्हायच्या आधी एक थर उतरवायचा आणि थांबलीस की थंडी वाजायच्या आधी चढवायचा. थंडी वाजल्यावर शहाणपण सुचून उपयोग नाही."

मी तिच्या रेनकोटाची प्रत्येक शिवण आतून तपासली, दोन ठिकाणी पट्टी सुटली होती ती इस्त्रीने पुन्हा चिकटवली. रेनकोट सगळ्यात वर ठेवला. झोपायचे कपडे आणि मोज्यांचा एक जोड जाड प्लास्टिकमध्ये घालून, हवा काढून, तोंड पिळून बांधलं. "हे चालताना घालायचं नाही. नखशिखान्त भिजलीस तरी नाही. हे फक्त निवाऱ्यात, रात्रीसाठी. सकाळी पुन्हा ओले कपडे अंगावर चढवायचे, कितीही जिवावर आलं तरी."

"ई, मावशी."

"ई म्हण, पण चढव. आणि खिंडीच्या दिवशी पहाटे निघ. अकराच्या आत पलीकडे. अकरा वाजले आणि माथा आला नसला तर जिथे असशील तिथून मागे फिर. माथा हाताच्या अंतरावर दिसत असला तरी फिर."

दीड तास मी तिला फैलावर घेतलं. शेवटी ती सॅक उचलून समोर कार्यालयात गेली, मीही मागोमाग. मला तिच्या बापाचं तोंड बघायचं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "फळ्यावरचं नको. तुमच्या मनातलं सांगा. जाऊ की नको?"

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. यंत्राकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "तसं बघितलं तर हवा बदलती राहील. तयारीने जा."

छकुली हसली. "कॅलेंडरला विचारलं असतं तर त्याने निदान वार तरी सांगितला असता," असं म्हणून तिने त्यांना मिठी मारली. मला मात्र हसू आलं नाही. सख्ख्या लेकीने सरळ प्रश्न विचारला आणि बाप मूग गिळून बसला. मी मनातल्या मनात त्यांना जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

पहिले चार दिवस छकुलीची खबर रोज राखणदारांच्या संध्याकाळच्या फोनवरून येत होती: तिघी पोचल्या, तिघी ठणठणीत. पाचव्या दिवशी दुपारी मी कार्यालयाचा एक दुरुस्त केलेला तंबू द्यायला गेले. भाऊजी मागे भांडी विसळत होते. त्यांच्या टेबलाचा खण उघडा होता आणि त्यात एक जाडजूड वही. मी वही उघडली. दुसऱ्याची वही उघडू नये हे मला माहीत आहे.

आत रोजची तारीख होती, पेन्सिलीने, त्याच सुबक अक्षरात. आणि प्रत्येक तारखेसमोर उद्याचा अंदाज. 'उद्या दुपारी दोननंतर तिसऱ्या निवाऱ्यावर जोराचा पाऊस.' 'उद्या दिवसभर कोरडं, खिंडीत वारा.' 'उद्या सकाळी धुकं, नऊला उघडेल.' कुठे 'तसं बघितलं तर' नाही, कुठे 'बहुतेक' नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी दुसऱ्या दिवशी केलेली खूण, बरोबर किंवा चूक. मी पानामागून पान उलटलं. दहातल्या आठ खुणा बरोबर होत्या. कपाटात मागच्या वर्षांच्या अशाच वह्या ओळीने लावलेल्या होत्या.

कुणी म्हणेल, बिचारा. मला तसं मुळीच वाटलं नाही. इतकी वर्षं मी समजत होते की या माणसाला काही कळत नाही, आणि त्याची मला निदान कीव तरी करता येत होती. आता कळलं की त्यांना सगळं कळत होतं. माझं डोकं सणकलं. मी कपाटातली तीन वर्षांपूर्वीची वही काढून एक तारीख शोधली. त्या दिवशी एक बेकरीत काम करणारा माणूस खिंडीत अडकला होता. जिवंत आणला, पण उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं गेली. आदल्या दिवसाच्या ओळीत लिहिलं होतं: 'उद्या दहानंतर खिंडीत बर्फ.' पुढे बरोबरची खूण. काय ती खूण, मास्तरांनी पोराच्या गणितावर करावी तशी.

मग आजची ओळ पाहिली. 'उद्या सकाळपासून खिंडीत बर्फ व वारा. कुणी जाऊ नये.'

भाऊजी कप हातात घेऊन दारात उभे होते. मी वही त्यांच्यापुढे धरली.

"छकुली आज संध्याकाळी पाचव्या निवाऱ्यावर पोचेल. उद्या पहाटे खिंड चढेल. सांगितलंत तिला?"

"तो माझा खासगी अंदाज आहे."

"सांगितलंत का?"

"अंदाज चुकतो हो. दहात दोनदा चुकतो. बघितलंत ना तुम्ही? आणि चुकला म्हणजे..."

"म्हणजे काय? खुलासा लिहावा लागेल? तुमची मुलगी मागणार आहे खुलासा?"

पाच वाजता राखणदाराचा फोन आला तेव्हा मी अजून तिथेच होते, दाराला पाठ लावून. त्यांनी वारा, ढग, माणसं उतरवून घेतली. मग मी पुढे झाले आणि म्हणाले, "छकुलीला बोलावा." रिसीव्हर त्यांच्या कानाशी तसाच होता. छकुली आली, तिचा आवाज मला रिसीव्हरबाहेरही ऐकू येत होता, "बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

भाऊजींनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. ते म्हणाले, "थांब."

"काय?"

"उद्या खिंड चढू नकोस. बर्फ येणार आहे. थांब."

मग छकुली हळूच म्हणाली, "बाबा, हे तुम्हीच बोलताय ना?"

सहाव्या दिवशी आकाश असं निघालं की काय सांगू. डोंगराचा दगडन् दगड मोजावा. दुपारी तर मी दुकानाचं दार उघडं टाकून बिनबाह्यांच्या कपड्यात काम केलं. छकुली थांबली होती. तिच्या दोन मैत्रिणी थांबल्या नाहीत, त्या मजेत खिंड ओलांडून पलीकडे पोचल्या आणि माथ्यावर जाकिटं काढून फोटो काढले. हे सगळं भाऊजींना राखणदाराने फोनवर सांगितलं, आणि साहेबांनी ते शेजारच्या टेबलावरून ऐकलं. साहेब म्हणाले, "अहो बदलती, तुमची तब्येत बरी आहे ना?" आणि सगळं कार्यालय हसलं. भाऊजींनी वहीत कालच्या ओळीपुढे चुकीची खूण केली. मी समोर होते, म्हणून सांगते, पेन्सिलीचं टोक मोडलं.

मला वाटलं, संपलं. एकदा तोंड उघडलं आणि ते पोळलं, आता हा माणूस मरेपर्यंत उघडणार नाही.

पाच वाजता फोन आला तो छकुलीचाच. भयंकर तापलेली होती. "बाबा, त्या दोघी गेल्या. माझा एक दिवस गेला. उद्या इथून एक जोडपं निघतंय, मी त्यांच्याबरोबर जाते. उद्या तरी जाऊ ना?"

साहेब कागद चाळायचे थांबले. भाऊजींनी यंत्राकडे पाहिलं. मी पण पाहिलं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण काटा कालच्यापेक्षा खाली होता एवढं दिसलं.

"थांब," ते म्हणाले.

"काल पण हेच म्हणालात!"

"काल चुकलो."

"मग आज कशावरून बरोबर?"

"आजही चुकेन कदाचित. तरी थांब."

"नक्की सांगा ना बाबा."

"नक्की नाही. थांब."

छकुली रडवेली झाली. "मावशी आहे का तिथे? तिला द्या."

रिसीव्हर माझ्या हातात आला. ती म्हणाली, "मावशी, तू सांग. बाबांचं ऐकू की जाऊ?" आदल्या दिवशी दाराला पाठ लावून उभी राहिलेली मी, बापाला मूग गिळतो म्हणून हिणवणारी मी. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. आज थांबवली आणि उद्याही ऊन पडलं तर पोर जन्मभर मला ऐकवेल, असं माझ्या मनात आलं. मी म्हणाले, "मला काय कळतं गं हवेतलं? तुझं तू बघ."

भाऊजींनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला, चक्क ओढून घेतला. "छकुले, मी सांगतोय. थांब," एवढं म्हणून ठेवून दिला.

सातव्या दिवशी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी खिंडीत बर्फ सुरू झाला. दहाला राखणदार फोनवर ओरडून सांगत होता की त्याला स्वतःच्या दाराची पायरी दिसत नाहीये. "पोरगी आत आहे, शेकोटीपाशी आहे," तो म्हणाला, आणि माझ्या बहिणीने, जी सकाळपासून कार्यालयात येऊन बसली होती, सगळ्यांसमोर नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी दुकानात परत आले आणि काही न शिवता मशीनसमोर बसून राहिले. मला खूप बरं वाटत होतं, आणि त्याचं श्रेय अर्थातच मी स्वतःकडे घेत होते.

दुपारी बहीण धावत आली. ते जोडपं पहाटे निघालं होतं. छकुलीने त्यांना सांगितलं होतं की माझे बाबा थांबा म्हणतायत, पण बाबा काल तोंडावर पडलेले, आणि कार्यालयाकडून निवाऱ्याला आलेला अधिकृत निरोप तोच, हवा बदलती, तयारीने जावे. दोन वाजता नवरा बायकोला जवळजवळ ओढत परत घेऊन आला. तिची शुद्ध हरपत चालली होती, शब्द जड पडत होते. छकुलीने प्लास्टिकची पिशवी फोडून आपले कोरडे कपडे तिच्या अंगात घातले, स्वतःच्या पांघरुणात घेऊन बसली. आता धोका नाही म्हणाली बहीण.

मी तडक समोर गेले. डोक्यात एकच, की आता या माणसाला सोडायचं नाही. आपल्या लेकीला 'थांब', आणि लोकांच्या लेकीला 'बदलती'?

भाऊजी फळ्यापाशी होते. भर दुपारी. इतक्या वर्षांत फळ्याला सकाळी सातशिवाय हात लागलेला नव्हता. जुनं वाक्य पुसून झालं होतं आणि ते लिहीत होते: 'आज व उद्या खिंडीत बर्फ. कुणीही जाऊ नये.' खाली त्यांनी स्वतःचं नाव घातलं. आतून साहेब काहीतरी म्हणत होते, भाऊजी वळले नाहीत.

माझ्या भांडणाचा अर्धा जीव तिथेच गेला. पण मी भांडायला आले होते आणि रिकाम्या हाताने परत जायची मला सवय नाही.

"आज सुचलं का?" मी म्हणाले. "पोटची पोर वर अडकली तेव्हा? आणि तो बेकरीवाला? वहीत लिहून ठेवलं होतंत, उद्या बर्फ म्हणून. माहीत होतं तुम्हाला. त्याची बोटं गेली आणि तुम्ही बरोबरची खूण केलीत. झोप कशी लागते हो तुम्हाला?"

रस्त्यावर दोघे-चौघे थांबले. मला बरंच वाटलं. भाऊजींनी खडू ठेवला, हात झाडले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नाही लागत."

मग म्हणाले, "त्याची सॅक निघायच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे होती. मी इथून पाहत होतो. तुम्ही सगळं सामान टेबलावर मांडलं होतंत."

आवाज चढलेला नव्हता. टोमणा नव्हता. काटा कुठे आहे ते वाचून दाखवावं तसं त्यांनी सांगितलं.

मी म्हणाले, "त्याने फक्त पट्टा शिवायला दिला होता." रस्त्यावरच्या लोकांनी ते ऐकलं. मीही ऐकलं.

मी दुकानात आले. ते मोठं टेबल पुसलं, पुसलेलं होतं तरी पुसलं. पट्टा डाव्या खांद्याचा होता, तो मी दुहेरी दोऱ्याने शिवला होता, अजून टिकला असेल. आतलं सामानही मला सगळं आठवतं, मी ते त्याच संध्याकाळी बहिणीला नक्कल करून दाखवलं होतं. हातमोजे सुती होते. पांढरे, पातळ, नवे कोरे, लग्नातल्या बँडवाल्यांचे असतात तसे. त्यावरच ती सगळ्यात जास्त हसली होती. मी ते नीट घडी करून पुन्हा आत ठेवले होते.